अंगठा

तेरामोला जाणारे ट्रक डोंगराच्या पोटातून जातात,
टोमॅटो, फरशा, एकदा तर नुसत्या मधमाश्यांच्या पेट्या.
बोगद्यात मधेच एक लोखंडी दार आहे.
त्या दाराआड मी एकतीस वर्षं काम केलं.
शास्त्रज्ञ म्हणून नव्हे. मी विटा रचायचे.

शिशाच्या विटा.
नवं शिसं चालत नाही. त्यात धुगधुगी असते,
खाणीतून वर आल्यावरही कितीतरी वर्षं
ते आतल्या आत कुरकुरत राहतं.
आम्हाला हवं होतं पार निवलेलं,
आणि ते निघालं सार्डिनियाच्या समुद्रात,
दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या गलबतात.
एफिसिओनं पहिली लगड वर आणली
तेव्हा तिला शिंपले चिकटले होते.
त्यानं आपला टॉवेल तिच्यावर टाकला,
आणि मग स्वतःच लाजला.

लगडींवर मालकांची नावं होती.
ती कापून म्युझियमला दिली, रीतसर, पावती घेऊन.
एका लगडीच्या बुडाशी मात्र नाव नव्हतं,
अंगठा होता.
साच्याची माती ओली असताना कुणीतरी टेकला असणार,
आणि शिशानं तो उचलला, रेषांसकट,
नखाजवळच्या चिरेसकट.
म्युझियमवाले म्हणाले, हे अक्षर नाही.
भट्टीवरच्या ओरोन्त्सोनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणाले, वितळव.

ल्युदोविका सांगायची ते मला निम्मं कळायचं:
दीर्घिका इतक्या वेगानं फिरतात
की कधीच्याच उधळून जायला हव्या होत्या.
काहीतरी त्यांना धरून आहे.
ते दिसत नाही, अडत नाही,
आत्ता या क्षणी तुझ्या कोपरातून जात असेल.
मी कोपर पाहिलं. कोपराला चुना लागला होता.

त्या कणानं एकदा, फक्त एकदा,
आमच्या स्फटिकाला धक्का द्यावा
म्हणून वर चौदाशे मीटर खडक,
खडकाखाली तांबं, तांब्याभोवती माझं शिसं,
आणि आम्ही डोळ्यांत तेल घालून.
विटा आम्लात धुतलेल्या, दुहेरी हातमोजे,
तोंडाला फडकं. शिंक आली तर बाहेर पळायचं.

शेवटची वीट बसवायच्या आधी
बाकीचे जेवायला गेले होते.
मी उजव्या हाताचे दोन्ही मोजे काढले
आणि विटेच्या आतल्या बाजूला अंगठा टेकवला.
का, ते विचारू नका.
पुसलेल्या पाटीवर काहीतरी असावं, एवढंच.

एकोणीस महिने काही नाही.
मग आलेखात एक उंचवटा आला.
रात्री दोनला फोन, कुणी रडलं,
तरुण पोरांनी सरबताच्या ग्लासातून वाइन प्यायली.
ल्युदोविका तेवढी गप्प होती.
अकरा दिवसांनी तिनं फळ्यावर एकच शब्द लिहिला.
पोटॅशियम.
माणसाच्या घामात असतं ते, केळ्यात असतं.
त्यांनी केबल तपासल्या, डिंक तपासला,
मलासुद्धा विचारलं.
मी म्हणाले, मोजे होते.

इतक्याशा घामानं इतकं होतं का?
मला माहीत नाही. कदाचित डिंकच असेल.
निबंधात त्यांनी लिहिलं, उगम अज्ञात,
आणि तेवढं वजा करून टाकलं.
वजा केल्यावर खाली काही उरलं नाही.
त्या काही नाहीचीही एक रेघ काढतात,
दर दोन-तीन वर्षांनी ती आणखी खाली सरकते,
आणि लोक त्यासाठीही टाळ्या वाजवतात.
मीही वाजवल्या.

आता मी असेर्जीला राहते, कोंबड्या पाळते.
निबंधाची एक प्रत माझ्याकडे आहे.
एकशे बारा नावं. माझं नाही, असायचं कारणही नाही.
पण पान सातवर, तिसऱ्या आलेखात,
डावीकडे, वजा करण्याआधीच्या करड्या रेषेवर
बोटाच्या पेराएवढा एक फुगवटा आहे.
तिथं मी आम्हा दोघांचा
अंगठा उठवला आहे.